सीएसआर प्रकल्पाचं परिणाम मूल्यांकन: कोणाला बंधनकारक आणि कागदपत्रं कोणती?

पाणलोटाचं काम संपून वर्ष उलटतं आणि कंपनीचा मेल येतो, 'मूल्यांकनासाठी टीम येतेय, कागदपत्रं तयार ठेवा.' मग संस्थेत कपाटं उपसायला सुरुवात होते. ही धावपळ टाळायची तर नियम पहिल्याच दिवशी माहीत हवा.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 खालचे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) नियम 22 जानेवारी 2021 पासून बदलले. ज्या कंपनीचं सीएसआर दायित्व, म्हणजे कायद्याने सीएसआरवर खर्च करायची रक्कम, मागच्या तीन आर्थिक वर्षांत सरासरी 10 कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिला 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावंच लागतं. प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेलं असलं पाहिजे. म्हणजे 31 मार्च 2024 ला संपलेल्या कामाचं मूल्यांकन त्या वर्षीच्या पावसाळ्यात उरकून चालत नाही. जबाबदारी कंपनीची असते, पण पुरावे असतात ते काम करणाऱ्या संस्थेकडे.

मूल्यांकनाचा खर्च सीएसआरमध्ये धरण्याची मर्यादा सप्टेंबर 2022 मध्ये बदलली: त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या 2 टक्के किंवा 50 लाख, यांत जे जास्त असेल ते. एकूण सीएसआर खर्च 30 कोटी असेल तर 60 लाखांपर्यंत, 12 कोटी असेल तर 50 लाखांपर्यंत.

कंपनी आधी मूल्यांकन करणारी संस्था नेमते, कामाची व्याप्ती ठरवते, मग गावभेटी होतात. अहवाल संचालक मंडळापुढे जातो आणि वार्षिक सीएसआर अहवालाला जोडला जातो.

तुमच्याकडे, म्हणजे काम करणाऱ्या संस्थेकडे, सीएसआर-1 नोंदणी क्रमांक (सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंदणी), सामंजस्य करार, मंजूर अंदाजपत्रक, उपयोगिता प्रमाणपत्रं, ग्रामपंचायतीचा ठराव, लाभार्थी यादी आणि जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो हवेत. यातलं बरंचसं मागाहून मिळवता येतं. बेसलाइन, म्हणजे कामाआधीच्या स्थितीची नोंद, मात्र मिळत नाही. काम सुरू होण्याआधी गाव कसं होतं, हे नंतर कोण सांगणार?

एका गावात आम्हाला ते बायकांनी सांगितलं. पायविहिरीच्या काठावर उभं राहून एक काकू म्हणाल्या, "मे महिन्यात पाणी सतराव्या पायरीला जायचं, यंदा नवव्या पायरीला आहे." फार मोलाची माहिती होती ती, पण लेखी काहीच नव्हतं. शिवाय त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता. बंधाऱ्याने किती आणि पावसाने किती, हे वेगळं काढायला 'महारेन' या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरची महसूल मंडळनिहाय पावसाची आकडेवारी आणि काम न झालेल्या शेजारच्या गावातल्या विहिरींची पातळी, दोन्ही लागतात. ते शेजारचं गावही सुरुवातीलाच निवडून ठेवावं लागतं.

म्हणून करारावर सही होईल त्याच आठवड्यात एक वही घाला. दोन्ही गावांतल्या पाच-पाच विहिरी ठरवा आणि दर महिन्याच्या एकाच तारखेला कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहा. आकड्याच्या बाजूला मोजणाऱ्याची सही घ्या.