ईएससी सेटिंग : परफॉर्मन्स गाडीतील स्थिरता नियंत्रणाचे टप्पे

ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) सेटिंग म्हणजे गाडी घसरू लागली की तिला सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा किती लवकर आणि किती जोरात मध्ये पडेल, हे चालकाला ठरवू देणारी सोय. साध्या गाडीत ही यंत्रणा चालू असते, किंवा फार तर तिचा काही भाग बंद करता येतो. ताकदवान गाड्यांत मात्र ‘स्पोर्ट’, ‘ट्रॅक’, ‘ऑफ’ असे टप्पे दिलेले असतात. नागपुरात अशी गाडी घेणाऱ्यांच्या गप्पांत ‘बटण दाबलं की गाडी मोकळी होते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यात अर्धेच तथ्य आहे. बटणाने टायरची पकड वाढत नाही. पकड संपत आल्यावर संगणक कधी हात घालणार, एवढेच त्याने बदलते.

बॉश कंपनीने विकसित केलेली ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास कूपेत प्रथम आली. १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-नियतकालिकाच्या चाचणीत, अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवावे तशी वळवताना, मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीने त्या मॉडेलवर ही यंत्रणा सरसकट बसवली. महागड्या गाड्यांचे वैशिष्ट्य सामान्य गाड्यांत उतरले ते मुख्यतः या प्रसंगानंतर. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलवर्षापासून आणि युरोपीय संघात २०१४ च्या अखेरीपासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. भारतात भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीत तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावीच लागते. मर्सिडीज तिला ईएसपी म्हणते, बीएमडब्ल्यू डीएससी आणि पोर्शे पीएसएम. काम सगळ्यांचे एकच.

हे काम चालते कसे? स्टिअरिंग किती वळवले आहे, चारही चाके किती वेगाने फिरताहेत, गाडी स्वतःभोवती किती झपाट्याने वळते आहे आणि तिला बाजूला किती ओढ बसते आहे, हे सेन्सर सतत मोजतात. चालकाला जायचे आहे ती दिशा आणि गाडी प्रत्यक्ष जाते आहे ती दिशा यांची तुलना सेकंदाला सुमारे २५ वेळा होते. ताशी १०८ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३० मीटर जाते, म्हणजे दोन तपासण्यांमधले अंतर सव्वा मीटरहूनही कमी. पुढची चाके घसरून गाडीचे तोंड वळणाबाहेर जाऊ लागले, म्हणजे अंडरस्टीअर झाले, तर यंत्रणा मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावते. मागची बाजू सुटू लागली, म्हणजे ओव्हरस्टीअर झाले, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. सोबत इंजिनची ताकद कमी केली जाते. एकाच चाकाला वेगळा ब्रेक लावणे कोणत्याही चालकाच्या पायाला शक्य नाही. यंत्रणेचे खरे मोल इथे आहे. अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीच्या अभ्यासानुसार, एकच वाहन सापडलेल्या जीवघेण्या अपघातांचा धोका तिच्यामुळे निम्म्याच्या आसपास घटतो.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे सर्व काही चालू असताना, किंचित घसरणही पकडली जाते. दुसऱ्या टप्प्यात बहुधा ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे ताकद जास्त झाल्यावर चाक जागच्या जागी फिरू न देणारी सोय, सैल होते: चाक थोडे फिरू दिले जाते आणि मागची बाजू काही अंश सुटू दिली जाते, पण गाडी गरगरा फिरण्याच्या आधी यंत्रणा आवरते. फोक्सवॅगन समूहातील ‘ईएससी स्पोर्ट’ आणि बीएमडब्ल्यू एम गाड्यांतील ‘एम डायनॅमिक मोड’ हे याच जातीचे. ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत बटण क्षणभर दाबले तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते. तीन सेकंदांहून जास्त दाबून धरले तर स्थिरता नियंत्रणही जाते. नव्या मालकाने माहितीपुस्तिकेतले हे एक पान तरी वाचलेच पाहिजे, कारण डॅशबोर्डवरच्या दोन्ही वेळच्या खुणा घाईत सारख्याच वाटतात. मर्सिडीज-एएमजी जीटी आर मध्ये तर ईएसपी बंद केल्यावर ट्रॅक्शनसाठी नऊ पायऱ्यांची वेगळी फिरकी असते आणि बीएमडब्ल्यूच्या नव्या एम ३ व एम ४ मध्ये दहा पायऱ्या. ‘ऑफ’ केले तरी एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, चालूच राहते. काही गाड्यांत जोरात ब्रेक दाबताच स्थिरता नियंत्रणही परत जागे होते आणि इंजिन बंद करून चालू केले की बहुतेक गाड्या आपोआप पहिल्या टप्प्यावर येतात.

एकाच ‘ऑफ’चा अर्थ प्रत्येक गाडीत वेगळा असतो. मस्टँगसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणातून निघताना ॲक्सिलरेटर जास्त दाबला तर मागची बाजू सुटते. गोल्फ जीटीआयसारख्या पुढच्या चाकांच्या गाडीत नेमके उलट, वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला की वजन पुढे झुकते आणि हलकी झालेली मागची बाजू बाहेर येते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे, कारण पाय उचलणे ही माणसाची पहिली प्रतिक्रिया असते. बीएमडब्ल्यू एम३४०आयसारखी चारही चाकांची गाडी पकडीने इतका विश्वास देते की मर्यादा जवळ आल्याचे उशिरा कळते.

वेगाचा हिशेब इथे डोळ्यांसमोर ठेवावा. १०० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ७२ किलोमीटरने घेतले तर टायरला गुरुत्वाच्या ०.४ पट आडवा जोर सोसावा लागतो. ताशी ९० ला तो ०.६४ पट होतो आणि ताशी १०८ ला ०.९ पटींच्या वर जातो. चांगल्या कोरड्या रस्त्यावर रोजच्या वापरातील चांगल्या टायरची ताकद साधारण तिथेच संपते, ओल्यात त्याआधीच. वेग दीडपट केला तर मागणी सव्वादोनपट होते आणि यातला एक अंशही कोणत्याही बटणाने कमी होत नाही.

नागपूरचे रस्ते या विषयात वेगळे धडे देतात. शहरात सिमेंटचे रस्ते भरपूर आहेत. नव्या सिमेंटवरच्या आडव्या खाचा पाणी काढून देतात, पण रहदारीने पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो आणि त्यावर बांधकामाची बारीक धूळ बसली की कोरड्या दिवशीही यंत्रणा मध्ये पडल्याचे सांगणारा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो. पावसाळ्यात शहराबाहेर शेतातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणतात. ओली काळी माती साबणासारखी असते. काटोलकडे किंवा उमरेडकडे जाताना वळणापलीकडे ती दिसेपर्यंत गाडी तिच्यावर आलेली असते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, तेही तितकेच वाईट. अशा दिवसांत स्पोर्ट टप्प्याचा विचारही करू नये.

यंत्रणा थोडी बंद करणे योग्य ठरते असा एक प्रसंग मात्र याच मातीत येतो. गाडी कडेच्या चिखलात रुतली असेल तर ट्रॅक्शन कंट्रोल चाक फिरू लागताच ताकद कापते आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा ते तेवढ्यापुरते बंद करून हलक्या पायाने गाडी मागेपुढे झुलवावी आणि बाहेर आल्याबरोबर परत चालू करावे.

शिवमडक्यापासून सुरू होणारा समृद्धी महामार्ग हे नागपूरकराच्या हाती आलेले सर्वांत मोठे आमिष आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये. आखणी ताशी १५० किलोमीटरची असली तरी मोटारींना मर्यादा १२० ची आहे. या सरळ मार्गावर ईएससीचा टप्पा बदलून काहीच मिळत नाही. तिथे धोका वळणाचा कमी आणि टायर फुटण्याचा व डोळा लागण्याचा जास्त. मे महिन्यात, नवतपाच्या (कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) आसपास, पारा ४५ अंशांच्या घरात असतो. हवेचे तापमान ५-६ अंशांनी वाढले की टायरमधला दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो, म्हणून दाब सकाळी थंड टायरवरच तपासावा. दुपारी गरम टायरमधून हवा काढून आकडा जुळवणारा माणूस खरे तर कमी हवेवर गाडी पळवत असतो.

वळणांची हौस चिखलदऱ्याच्या घाटात किंवा छिंदवाड्याच्या वाटेवरील सिल्लेवानी घाटात भागवणारे अनेक जण आहेत. या दोन्ही घाटांत पलीकडून येणारा ट्रक, गुरे आणि वन्यप्राणी यांचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. रस्त्यावर दिवा लुकलुकला तर टप्पा नव्हे, वेग बदलायचा असतो. सार्वजनिक रस्त्यावर यंत्रणा पूर्ण चालू ठेवूनच गाडी चालवावी, याला या नोंदीच्या लेखकाच्या मते अपवाद नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८४ धोकादायक चालवण्याला आणि कलम १८९ परवानगीविना शर्यत लावण्याला शिक्षा सांगते.

टप्पे शिकायचे ते बंदिस्त ट्रॅकवर. त्यासाठी चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइंबतूरची कारी स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट गाठावा लागतो. इंदूरजवळच्या पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पण तो मुख्यतः वाहन चाचणीसाठी. ट्रॅकवर सुरुवातीच्या फेऱ्या सर्व काही चालू ठेवूनच माराव्यात आणि दिवा कुठे लुकलुकतो ते लक्षात ठेवावे. एकाच वळणावर, त्याच जागी तो पुन्हा पुन्हा लागत असेल तर कारण बहुधा हातापायांत सापडते: स्टिअरिंगला दिलेला झटका, ते सरळ होण्याआधी दाबलेला ॲक्सिलरेटर किंवा वळणात शिरल्यावरही धरून ठेवलेला ब्रेक. तो दिवा शांत झाल्यावर मगच स्पोर्ट टप्पा. एक व्यावहारिक गोष्टही ध्यानात घ्यावी: यंत्रणा दर फेरीला ब्रेक लावत राहिली तर चालकाने न दाबलेले ब्रेकही तापतात आणि पॅड लवकर झिजतात.

सेटिंगला हात लावण्याआधी गाडी मूळ स्थितीत असावी. चारही टायर एकाच मापाचे आणि शक्यतो एकाच मॉडेलचे हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत झालेले टायर असतील तर मागची बाजू सुटण्याची शक्यता वाढते. चाके आणि टायर मोठे बसवले तर चाकांच्या वेगाचा हिशेब बदलतो. अलाइनमेंट केल्यानंतर अनेक गाड्यांत स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्यबिंदू स्कॅनरने पुन्हा बसवावा लागतो. तो राहून गेला तर सरळ रस्त्यावरही गाडीला वाटते की चालक किंचित वळतो आहे आणि यंत्रणा नको तिथे ब्रेक लावते. अलाइनमेंट करून बाहेर पडताना सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध आहे का ते पाहावे आणि नसेल तर गाडी तिथूनच परत फिरवावी.