भुरी की केवडा? आधी पान उलटून बघा

काकडी-दोडक्याची पानं खराब दिसू लागली की आपण दुकानात जातो आणि ‘बुरशीचं औषध द्या’ म्हणतो. मिळेल ते मारतो. पण भुरी आणि केवडा हे पानांचे दोन वेगळे रोग आहेत. भुरीवर चालणारं गंधक केवड्याला रोखत नाही, आणि केवडा थांबायला तयार नसतो. काही दिवसांत वेल हातची जाते.

भुरी पानाच्या वरच्या बाजूला पिठासारखी दिसते. बोट फिरवा, बोटाला पांढरं लागेल. भोपळ्याच्या काही जातींच्या पानांवर जन्मतःच चंदेरी डाग असतात, ते पुसले जात नाहीत. तिथे फवारणी नकोच.

केवड्याचे डाग वरून पिवळे, शिरांच्या चौकटीत अडकलेले, म्हणून कोनदार. खरी खूण मागे असते. सकाळी दव सुकायच्या आत पान उलटा. डागाच्या बरोबर मागे करडी-जांभळट लव दिसेल. दुपारी हीच लव सुकून कळेनाशी होते, म्हणून बघायचं ते सकाळीच.

फरकाचं मूळ पाण्यात आहे. केवड्याचा जीव खरी बुरशी नाहीच, तो शैवालांच्या जवळचा. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहून आत शिरतात. त्यामुळे पान काही तास ओलं राहिलं की त्याचं फावतं. भुरीला असं पाणी लागत नाही, उलट जोराच्या पावसात ती धुऊन जाते. दाटी, सावली आणि दमट पण बिनपावसाची हवा तिला मानवते. नाशिकचे द्राक्षबागायतदार हे चांगलं ओळखून असतात: ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की धास्ती डाऊनीची, म्हणजे केवड्याचीच. पुढे बिनपावसाच्या थंडीत नजर भुरीवर.

भुरीला पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. कडक उन्हात मारू नका. वेलवर्गीय पानं गंधकाने भाजू शकतात, आधी दोन-चार पानांवर मारून बघा. एक भाग दूध नऊ भाग पाण्यात घालून सुरुवातीलाच फवारलं तरी भुरी आटोक्यात राहते.

केवड्याला कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला 2.5 ग्रॅम, आणि पानांच्या खालच्या बाजूनेही. तांब्याचा हा गुण फ्रान्समध्ये कळला. चोरांना दूर ठेवायला रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना मारलेला असे, आणि केवड्याच्या साथीत त्याच वेली हिरव्या राहिल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी हेरलं. 1885 मध्ये हेच मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जाहीर झालं. तांबं मात्र रोग शिरण्याआधीचं कवच आहे, डागाळलेलं पान ते बरं करत नाही. अशी पानं काढून टाका, वेल मांडवावर मोकळी चढवा आणि पाणी सकाळी, बुडाशीच द्या.