बॉडी स्कॅन आला कुठून? शरीराकडे लक्ष देण्यामागची पार्श्वभूमी

आजकाल माइंडफुलनेसचं कुठलंही ॲप उघडा, थेरपिस्टकडे जा नाहीतर योगाच्या क्लासला बसा, एक सूचना हमखास कानावर पडते. डोळे मिटा, लक्ष पायाच्या बोटांपाशी न्या, तिथे गरम लागतंय, गार लागतंय, मुंग्या येतायत की काहीच कळत नाहीये, जे असेल ते नुसतं जाणवू द्या आणि मग हळूहळू वर सरका. यालाच बॉडी स्कॅन म्हणतात. त्याला जोडून एक वाक्यही येतं, की याने मन आणि शरीर एक होतं. सूचना आणि वाक्य कायम एकत्रच ऐकू येतात म्हणून दोन्ही एकाच गावची असणार असं आपण धरून चालतो. पण सूचना दोन हजार वर्षांहून जुनी आहे आणि ते वाक्य त्यामानाने कालपरवाचं, शिवाय भलतीकडून आलेलं.

आधी सूचनेचं बघू. बौद्धांच्या पाली साहित्यात मज्झिम निकाय या संग्रहातलं दहावं सुत्त (म्हणजे बुद्धाचा उपदेश) आहे सतिपट्ठान सुत्त, याचंच मोठं रूप दीघ निकायात बाविसाव्या क्रमांकावर आहे. हे सगळं आधी तोंडी चालत आलं आणि परंपरेप्रमाणे इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत लिहून ठेवलं गेलं. लक्ष ठेवायच्या चार जागा त्यात सांगितल्यात: काया, वेदना, चित्त आणि धम्म. वेदना म्हणजे इथे दुखणं नाही, जो काही अनुभव येतोय तो सुखद, दुःखद की दोन्ही नाही एवढंच ओळखायचं. कायेचा भाग तर चकित करेल इतका साधा आहे, श्वास लांब आहे की आखूड ते कळू द्या, चालताना चालतोय हे कळू द्या, हात दुमडताना, पसरताना, खाताना, अगदी शौचाला बसल्यावरसुद्धा. इथपर्यंत आजच्या क्लासमधल्या माणसाला सगळं ओळखीचं वाटेल.

पण सुत्त इथे थांबत नाही. पुढे केस, नखं, दात, कातडी, मांस, स्नायू, हाडं, पित्त, कफ, पू, रक्त असे शरीराचे ३१ भाग एकेक करून बघायला सांगतं, धान्यांनी भरलेली पिशवी सोडून आतलं धान्य निरखावं तसं, ही उपमा सुत्तातलीच. मग स्मशानात टाकलेलं प्रेत, सुजलेलं, कावळ्यांनी टोचलेलं, शेवटी हाडांचा चुरा झालेलं, अशा नऊ अवस्था, आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणायचं की माझंही शरीर याच जातीचं आहे. म्हणजे शरीराकडे इतकं बारकाईने बघायचं ते त्याच्याशी एकरूप होण्यासाठी नव्हे तर ते टिकणारं नाही, 'माझं' म्हणावं असं त्यात काही नाही हे पटावं म्हणून. ॲपवाल्यांनी हा भाग का गाळला ते समजण्यासारखं आहे, पण हेतू किती बदललाय हे मोजायचं असेल तर नेमका हाच भाग वाचावा.

आता ते वाक्य. मन आणि शरीर 'एक करायचं' म्हणायला आधी ते दोन आहेत असं कुणीतरी ठासून सांगावं लागतं, आणि युरोपात ते काम रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने केलं. १६४१ मध्ये त्याने मांडलं की मन म्हणजे विचार करणारी वस्तू, शरीर म्हणजे जागा व्यापणारी वस्तू, दोघांचा स्वभावच वेगळा. दोन वर्षांनी, १६४३ मध्ये बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्र लिहून सरळ विचारलं की ज्याला जागाच लागत नाही असं मन शरीराला हलवतं कसं? या प्रश्नाला त्याच्याकडे धड उत्तर नव्हतं आणि पुढच्या पत्रांत ती त्याला काही सोडत नाही, ही पत्रं आजही वाचायला धमाल आहेत.

गंमत म्हणजे ज्या देकार्तच्या नावाने सगळे माइंड-बॉडीवाले बोटं मोडतात त्यानेच त्याच १६४१ च्या पुस्तकात शेवटी लिहून ठेवलंय की वेदना, भूक, तहान या संवेदनांमधूनच मला कळतं की मी शरीरात जहाजातल्या खलाशासारखा नुसता बसलेलो नाही, मी त्याच्यात पार मिसळून गेलोय. म्हणजे शरीराची संवेदना हाच मन-शरीर एक असल्याचा पुरावा, हा विचार फाळणी करणाऱ्याच्याच लिखाणात आहे. एलिझाबेथला तर त्याने असंही कळवलं की हे एकपण तत्त्वज्ञानाचं चिंतन करून कळणार नाही, ते रोजच्या जगण्यातून आणि साध्या गप्पागोष्टींतूनच कळतं. लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र फाळणीच.

पुढची दोनेकशे वर्षं इथे झरझर ओलांडली तरी चालेल. १८८४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने भावनांवर एक लेख लिहिला आणि गाडीच उलटी फिरवली. आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो आणि ते थरथरणं आतून जाणवतं त्यालाच भीती म्हणतो, असं त्याचं म्हणणं. १८८५ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल लांगनेही स्वतंत्रपणे जवळपास हेच मांडलं. १९२७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅननने या कल्पनेवर चांगलीच टीका केली, की पोटातले अवयव प्रतिसाद द्यायला फार मंद असतात, राग आणि भीती दोन्हीत शरीरात साधारण तेच बदल होतात, मग वेगळी भावना ओळखू कशी येते? टीका रास्त होती आणि त्यानंतर बराच काळ हा विषय मागे पडला. मधल्या काळात, १९०६ मध्ये, शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टनने शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना, स्नायू-सांध्यांच्या संवेदना आणि बाहेरून येणाऱ्या संवेदना अशी वाटणी करून ठेवली होती, आज ज्याला इंटरोसेप्शन, म्हणजे शरीराच्या आतलं जाणवणं, म्हणतात त्याचं मूळ तिथे.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित भाग लॅबमधला नाही, व्यायामशाळेतला आहे. बर्लिनमध्ये एल्सा गिंडलर (१८८५–१९६१) नावाची जिम्नॅस्टिक्सची शिक्षिका होती, तिला क्षयरोग झाला होता आणि ती सांगायची की श्वासाकडे आणि आतल्या ताणाकडे सतत लक्ष देऊन ती त्यातून सावरली. हे वैद्यकीय पुरावा म्हणून घेऊ नका, पण त्यानंतर तिने जे केलं ते महत्त्वाचं. तिने ठरलेले व्यायामप्रकार करून घेणं कमी कमी करत नेलं. उभे राहा आणि जमीन कुठे टेकतेय ते बघा, हात उचला आणि उचलताना नको तिथे काय आवळलं जातंय ते बघा, बस, एवढंच. कुठलं सुत्त नाही, गुरुपरंपरा नाही, तरी पोचली जवळपास त्याच जागी. तिची विद्यार्थिनी शार्लट सेल्व्हर १९३८ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेली, ज्यू असल्याने जावंच लागलं, आणि तिथे तिने हेच काम सेन्सरी अवेअरनेस या नावाने शिकवलं, १९६० च्या दशकात ते कॅलिफोर्नियातल्या एसालेन या शिबिरकेंद्रापर्यंत पोचलं. त्याच सुमाराच्या आणखी दोघांची नावं घ्यायला हवीत: एफ. एम. अलेक्झांडर, टास्मानियाचा नट, आवाज बसायला लागला म्हणून आरशासमोर उभं राहून स्वतःची मान काय करते ते बघत बसला आणि त्यातून एक पद्धतच निघाली. आणि एडमंड जेकबसन, ज्याने १९२९ च्या पुस्तकात स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडायची पद्धत दिली, ताण जाणवायला शिकल्याशिवाय सोडता येत नाही हा त्याचा मुद्दा.

थेरपीच्या खोलीत हे नीट आणलं ते यूजीन जेंडलिनने. शिकागोला मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सबरोबर काम करताना प्रश्न होता की थेरपीचा फायदा काहींना होतो आणि काहींना नाही, असं का? सेशन्सची रेकॉर्डिंग ऐकल्यावर दिसलं की फायदा होणारी माणसं बोलता बोलता अडखळतात, थांबतात, "तसं नाही... छातीत काहीतरी घट्ट..." असं चाचपडत बोलतात. बाकीचे छान सफाईदार बोलतात आणि तिथल्या तिथे राहतात. मग हे थांबून आत चाचपणं शिकवता येईल का म्हणून त्याने फोकसिंग ही पद्धत काढली, १९७८ मध्ये त्याच नावाचं पुस्तकही आलं.

तिकडे ब्रह्मदेशात वेगळंच चाललं होतं. १८८५ मध्ये इंग्रजांनी राजाला हटवलं, भिक्षुसंघाचा राजाश्रय गेला, तेव्हा धम्म टिकवायचा तर तो सामान्य लोकांच्या हातात दिला पाहिजे असं लेडी सयाडो (१८४६–१९२३) हे भिक्षू आणि इतर काहींना वाटू लागलं. ध्यान ही विहारातल्या मोजक्या भिक्षूंची गोष्ट होती ती गृहस्थांपर्यंत आली ती या धडपडीतून. लेडी सयाडोंचे शिष्य सया थेटजी शेतकरी, त्यांचे शिष्य ऊ बा खिन तर चक्क सरकारी अकाउंटंट जनरल, ज्यांनी १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र काढलं. शरीरातून लक्ष फिरवत संवेदना तटस्थपणे बघायची, ही या परंपरेतल्या विपश्यनेची खासियत. सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते मायग्रेनला कंटाळून, आणि गोयंकांनीच सांगितल्याप्रमाणे ऊ बा खिन यांनी आधी नकार दिला, डोकेदुखी घालवायची असेल तर इथे येऊ नका म्हणून. हेतू बदलल्यावरच प्रवेश मिळाला. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं, दहा दिवसांच्या शिबिराचा साचाही ठरला, पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवसापासून अंगभर संवेदना.

आणि मग १९७९ मध्ये ती परत पाठवलेली डोकेदुखी पुढच्या दाराने आत आली. मॅसॅच्युसेट्सच्या वूस्टरमधल्या मेडिकल सेंटरमध्ये जॉन कबाट-झिन या मॉलिक्युलर बायोलॉजी शिकलेल्या माणसाने ज्यांना डॉक्टरी उपायांनी आराम पडत नव्हता अशा पेशंटसाठी वर्ग सुरू केला. स्वतः विपश्यना केलेली होती, ऊ बा खिन परंपरेतली संवेदना बघायची पद्धत माहीत होती, तीच त्याने आडवं झोपून आणि पायाच्या बोटांपासून सुरू करून बॉडी स्कॅन म्हणून दिली. पुनर्जन्म, निर्वाण वगैरे भाग बाजूला ठेवला. १९८२ मध्ये दीर्घकाळ दुखण्याने त्रासलेल्या ५१ पेशंटवरचा त्याचा पहिला पेपर आला आणि हॉस्पिटलच्या भाषेत ही गोष्ट बोलली जायला लागली. 'मन-शरीर एक' हे वाक्य सूचनेला घट्ट चिकटलं ते माझ्या अंदाजाने याच सुमारास, कारण हॉस्पिटल ही अशी जागा आहे की जिथे शरीर एका डिपार्टमेंटला आणि मन दुसऱ्या, तिथे आलेल्या माणसाला एकपणाची भूक असणारच.

योगाच्या बाजूनेही एक धागा आहे, बिहारमधल्या मुंगेरच्या स्वामी सत्यानंदांनी तांत्रिक न्यासातून, म्हणजे शरीराच्या एकेका भागावर मंत्र ठेवायच्या विधीतून, मंत्र वगळता येईल अशी योगनिद्रा तयार केली. तिथेही एकेक अवयव घेत फिरायचं, फक्त विधीचा हेतू शरीर पवित्र करण्याचा होता, आज लोक ते झोप येत नाही म्हणून लावतात.

विज्ञान याकडे परत वळलं ते १९९० नंतर. मेंदूशास्त्रज्ञ अँटोनियो दमासिओने १९९४ मध्ये निर्णय घेण्यातसुद्धा शरीराच्या खुणा लागतात असं मांडलं, २००२ मध्ये बड क्रेगने शरीराच्या आतल्या खबरा मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागापर्यंत कशा पोचतात तो मार्ग दाखवला, आणि जेम्स पुन्हा चर्चेत आला. २००५ मध्ये २० ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये इन्सुलाचा भाग जाड दिसला तेव्हा मोठी हेडलाइन झाली. पण २००८ मध्ये अनुभवी साधकांना नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके ओळखायला लावले तर ते इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत, ही बातमी मात्र फारशी कुणी फिरवली नाही. सारा गारफिंकेल आणि तिच्या सहकाऱ्यांनी नंतर दाखवलं की ठोके बरोबर ओळखणं, आपल्याला ते ओळखता येतात असं वाटणं, आणि या दोन्हींचा मेळ बसणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

शिवाय शरीराकडे लक्ष देणं म्हणजे शांतच वाटणार असंही नाही. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्कने १९८६ मध्ये पॅनिक अटॅकचं जे मॉडेल दिलं त्यात नेमकं हेच आहे, छातीत धडधड जाणवते, माणूस तिचा अर्थ हार्ट अटॅक असा लावतो, भीतीने धडधड वाढते आणि चक्र सुरू. त्यावरची एक प्रचलित उपचारपद्धत आहे ज्यात थेरपिस्ट पेशंटला मुद्दाम गोल गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवतो, जिने चढायला लावतो, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतो, म्हणजे गरगर, धडधड, घुसमट सगळं अंगात आणायचं आणि पळून न जाता जाणवू द्यायचं, पुन्हा पुन्हा, शरीर धोक्याचं वाटेनासं होईपर्यंत.