बर्सर्क (मांगा मालिका)

बर्सर्क : केंतारो मिउरा (११ जुलै १९६६ – ६ मे २०२१) या जपानी मांगाकारांची (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा), मध्ययुगीन युरोपच्या धर्तीवर रचलेली काळोखी फँटसी मालिका. १९८८ मध्ये, मिउरा युनिव्हर्सिटीत शिकत असतानाच, एक सुटी नमुना-कथा आली, मग १९८९ पासून हाकुसेन्शा प्रकाशनाच्या ‘अ‍ॅनिमल हाऊस’ मासिकात मालिका सुरू झाली आणि १९९२ ला त्या मासिकाच्या जागी ‘यंग अ‍ॅनिमल’ आलं तेव्हा तिकडे गेली. त्यामुळे सुरुवातीचं साल कुणी ८८ देतं कुणी ८९. नमुना-कथेत नायक गट्सची तलवार आणि लोखंडी हात दोन्ही आहेत हे खरं, पण मालिकेचं साल म्हणून १९८९ धरणंच बरं.

नावाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. जपानीत ते ‘बेरुसेरुकु’ असं लिहितात, म्हणजे इंग्रजी उच्चार सोडून मूळ नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) शब्दाच्या जवळ जाणारं रूप घेतलंय. मराठीत बर्सर्क, बर्झर्क दोन्ही चालतात. जुन्या नॉर्समधला शब्द ‘बेर्सेर्क्र’, त्यातल्या ‘सेर्क्र’ म्हणजे अंगरखा याबद्दल वाद नाही, सगळं भांडण आधीच्या ‘बेर’वर आहे. एक अर्थ ‘उघडा’, म्हणजे चिलखत न घालता लढणारा, आणि त्याला आधार १३ व्या शतकातल्या आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनचा. ओडिन देवाची माणसं चिलखताशिवाय, पिसाळलेल्या कुत्र्यांसारखी-लांडग्यांसारखी लढायची असं तो लिहितो. दुसरा अर्थ ‘अस्वल’, म्हणजे अस्वलाचं कातडं पांघरलेला, हा १९ व्या शतकापासून पुढे आला आणि आज बहुतेक अभ्यासक याच बाजूला आहेत, कारण ‘लांडग्याचं कातडं पांघरलेले’ अशा अर्थाचा जोडीचा शब्द नॉर्समध्ये सापडतो. व्युत्पत्ती म्हणून अस्वलच जास्त पटतं. मात्र मालिकेत २६ व्या खंडाच्या सुमारास येणारं बर्सर्कर चिलखत बघितलं तर त्याच्या शिरस्त्राणाचा पुढे जबडा होतो तो कुत्र्या-लांडग्याचा, अस्वलाचा नाही, म्हणजे चित्र स्नोरीच्या उपमेला जास्त जवळचं. शिवाय शीर्षकातला शब्द कथेत असा अंगावर चढायला कितीतरी वर्षं गेली हेही लक्षात घ्यायला हवं. हे चिलखत वेदना बंद करतं, मोडलेलं हाड आतून खिळे खुपसून जागेवर धरतं आणि माणूस मरेपर्यंत लढत राहतो. ते वापरल्यापासून गट्सचे पुढचे केस पांढरे होतात.

दुसरा जुना वाद हाताचा. गट्स हे नाव आणि लोखंडी हात बघून बऱ्याच लोकांना जर्मन सरदार गॉट्झ फॉन बेर्लिशिंगन (१४८०–१५६२) आठवतो, ज्याचा हात १५०४ मध्ये लांड्सहूटच्या लढाईत तोफेने गेला आणि ज्याचे लोखंडी हात याग्स्टहाउजेनच्या किल्ल्यात आजही जपलेत. साम्य खरंच चकित करणारं आहे, पण मिउरांच्या सांगण्यानुसार हा योगायोग होता, गॉट्झबद्दल त्यांना नंतर कळलं. शिवाय गॉट्झचा उजवा हात गेला, गट्सचा डावा. आणि कृत्रिम हातात शस्त्र लपवण्याची कल्पना जपानी मांगातच आधीपासून होती : ओसामु तेझुकांच्या ‘दोरोरो’त (१९६७ पासून) हातात तलवारी आहेत, १९७८ च्या ‘कोब्रा’त तर डाव्याच हातात बंदूक आहे. हे घरचं मूळ मानणं जास्त सयुक्तिक वाटतं. राक्षसी देवांच्या ‘गॉड हँड’मधली स्लॅन आणि युबिक ही नावं मात्र सरळ अमेरिकन विज्ञान-कादंबऱ्यांची शीर्षकं आहेत, तिथे शंकेला जागा कमी.

कथा बहुतेकांना माहीत असते. फासावर लटकलेल्या आईच्या प्रेताखाली जन्मलेला गट्स भाडोत्री सैनिक होतो, ग्रिफिथच्या टोळीत पहिल्यांदा त्याला माणसं मिळतात, मग ग्रिफिथ स्वतःच्या स्वप्नासाठी त्या सगळ्यांचा बळी देतो (१२ आणि १३ वा खंड, ‘ग्रहण’ प्रसंग). यातला एक प्रसंग वाचक विशेष जपतात. रात्री टेकडीवर उभा राहून गट्स खालच्या छावणीतल्या शेकोट्या बघतो आणि टोळीतल्याच कास्का या स्त्री-योद्ध्याला म्हणतो की त्यातली एकेक शेकोटी म्हणजे एकेकाचं छोटं स्वप्न, ग्रिफिथची आग मोठी म्हणून सगळ्यांनी आपापली आग त्यात आणून टाकली. पुढे काय होणार हे माहीत असताना हे पान परत वाचलं की घशात आवंढा येतो, कारण त्या शेकोट्यांभोवती बसलेल्या जवळपास सगळ्यांचा शेवट तोपर्यंत आपण पाहिलेला असतो.

८३ वं प्रकरण हा अभ्यासाचा वेगळाच विषय. १९९६ मध्ये मासिकात आलेल्या या प्रकरणात ग्रिफिथ थेट दुष्टपणाच्या मूळ संकल्पनेशी बोलतो. जग असं का चाललंय याचं उत्तर तिथे मिळतं. खंड काढताना मिउरांनी ते स्वतःच गाळायला लावलं, उत्तर एवढ्या लवकर दिलं तर गोष्टीची वाट बांधली जाते हे त्यामागचं कारण. मग ते कथेत धरायचं की नाही? वाचकांमध्ये दोन तट आहेत. लेखकाने काढलंय तर ते नाही, हे म्हणणं जास्त सुरक्षित.

वाचकांचा प्रतिसाद मुख्यतः वाट बघण्याचा आहे. २००० नंतर प्रकरणं उशिरा येऊ लागली, गट्सची मंडळी जहाजात चढली ती कित्येक वर्षं उतरलीच नाहीत, आणि ‘ते जहाज’ हा वाचकांचा शब्दच होऊन बसला. ग्रहणानंतर भान हरपलेली कास्का २०१८ मध्ये शुद्धीवर आली, म्हणजे १३ व्या खंडापासून वाट बघणाऱ्यांना वीसेक वर्षं धीर धरावा लागला. ग्रहणात तिच्यावर होणाऱ्या अत्याचाराच्या चित्रणावर टीका आहे आणि ती रास्त आहे. तो प्रसंग कथेला आवश्यक मानणारे वाचकसुद्धा त्यातली काही पानं गरजेपेक्षा लांब आहेत असं म्हणतात, प्रस्तुत नोंदीचंही मत तेच. २००२ मध्ये मालिकेला तेझुका ओसामु सांस्कृतिक पुरस्कारांत उत्कृष्टतेचा सन्मान मिळाला. टीव्हीवरची १९९७ ची २५ भागांची अ‍ॅनिमे सुसुमु हिरासावांच्या संगीतासह लोकांनी उचलून धरली, २०१६ ची संगणकी चित्रांमुळे नावडती ठरली.

मिउरा महाधमनी फाटून गेले आणि २० मे २०२१ ला ती बातमी जाहीर झाली. त्यानंतर ‘फायनल फँटसी चौदा’ या ऑनलाइन गेममध्ये जगभरचे खेळाडू पाठीवर मोठी तलवार घेतलेल्या डार्क नाइट या योद्ध्याच्या रूपात रस्त्यांच्या दुतर्फा ओळी करून नुसते उभे राहिले. सप्टेंबर २०२१ मध्ये ३६४ वं प्रकरण आलं, मिउरांच्या हातचं शेवटचं. त्यात पहाट होताना चंद्रप्रकाशात येणारा मुलगा ग्रिफिथ होतो आणि ग्रिफिथच्या डोळ्यांत पाणी असतं.

जून २०२२ मध्ये मिउरांचे शाळेपासूनचे मित्र, मांगाकार कोउजी मोरी यांनी जाहीर केलं की साधारण तीस वर्षांपूर्वी मिउरांनी आपल्याला गोष्ट शेवटपर्यंत सांगितली होती, आणि जेवढं ऐकलंय तेवढंच लिहिणार, पदरचं काही घालणार नाही. २४ जूनपासून मिउरांच्याच मदतनीसांच्या स्टुडिओ गागाच्या चित्रांसह मालिका पुन्हा सुरू झाली. ४२ वा खंड सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला. काही वाचक ३६४ वरच थांबलेत, त्या ओल्या डोळ्यांपाशी; बाकीचे दर प्रकरणात रेघा मिउरांच्या रेघांशी ताडून बघतात आणि पुढच्या अंकाची वाट बघतात.