बालेवाडीत जिंकून गेलेले दोघे

आशियाई क्रीडा स्पर्धांतली पुरुषांची १०० मीटर शर्यत २०१८ ला जाकार्तात सू बिंगत्यानने ९.९२ सेकंदांत जिंकली, तर २०२३ ला हांगझोऊत श्ये झेनयेने ९.९७ सेकंदांत. दोघेही चीनचे. पुणेकरांपैकी फार थोड्यांच्या लक्षात असेल, पण हे दोघे त्याच्या कितीतरी आधी, २०१३ च्या जुलैत, एकाच आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत पुण्याच्या बालेवाडीतून सुवर्णपदक घेऊन गेले होते. सूने १०० मीटर जिंकली आणि श्येने २०० मीटर. त्या वेळी दोघांपैकी कुणालाच १० सेकंदांची भिंत ओलांडता आलेली नव्हती. पुढे आशियाचे विक्रम त्यांनीच केले. १०० मीटरमध्ये सू ९.८३ पर्यंत गेला आणि २०० मीटरमध्ये श्ये १९.८८ पर्यंत.

२०२६ च्या १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आयची-नागोयाला पुढची आशियाई स्पर्धा ठरली आहे. त्या निमित्ताने वेगवान शर्यतींवर बोलणं होईलच. मात्र या शर्यतींचं आणि पुण्याचं नातं २०१३ च्याही बरंच मागचं आहे, थेट १९१९ पर्यंत जाणारं.

आज आपण 'डेक्कनला उतरतो' म्हणतो तेव्हा मनात बसथांबा असतो, चौक असतो. ज्या संस्थेवरून हे नाव पडलं ती डेक्कन जिमखाना १९०६ ची. १९१९ ला तिच्या मैदानी स्पर्धांच्या अध्यक्षपदासाठी सर दोराबजी टाटांना बोलावलं होतं. दोराबजींचं शिक्षण इंग्लंडात झालेलं, तिथले खेळ ते स्वतः खेळलेले, शर्यती पाहिलेले. पुण्यात त्यांच्यासमोर धावायला उतरली ती आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं. दिवसभर शेतात राबणारी, साधं जेवणारी. पायात काही नाही. धावण्याचं कसलं शास्त्रशुद्ध शिक्षण नाही. आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या खेळाडूंच्या वेळांशी तुलना करण्याजोग्या निघाल्या. पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी ही हकीकत सांगितली आहे.

दुसरा कुणी पाहुणा असता तर बक्षिसं वाटून, चार कौतुकाचे शब्द बोलून त्याने मुंबईची गाडी धरली असती. दोराबजी तेवढ्यावर थांबले नाहीत. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताला जागा मिळवली आणि खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला. जो चमू गेला त्यात चार धावपटू आणि दोन मल्ल होते. फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार मॅरेथॉनसाठी, कैकाडी लांब पल्ल्यासाठी, आणि १०० व ४०० मीटरसाठी बंगालचा पूर्मा बॅनर्जी. उद्घाटनाच्या संचलनात निशाण धरलं होतं ते या बॅनर्जीने. शर्यतीत तो पहिल्या फेरीपलीकडे गेला नाही. त्या वर्षीची १०० मीटर अमेरिकेच्या चार्ली पॅडॉकने १०.८ सेकंदांत जिंकली. शेवटच्या पावलाला फितीवर झेप घेण्याची त्याची सवय तेव्हा जगभर गाजली होती.

मला यात एक गोष्ट नेहमी महत्त्वाची वाटते. ऑलिंपिकमध्ये भारतीय संघ पाठवण्याची कल्पना दिल्लीतल्या कुठल्या दालनात सुचलेली नाही. ती पुण्याच्या मातीवर, अनवाणी पायांकडे बघताना सुचली. नॉर्मन प्रिचर्डने १९०० ला पॅरिसमध्ये २०० मीटर आणि २०० मीटर अडथळा अशा दोन शर्यतींत रौप्यपदकं घेतली होती हे खरं, पण तो एकटा गेला होता. संघ म्हणून जाण्याची सुरुवात इथली.

माती आणि पाय म्हटलं की 'स्टार्ट'बद्दल बोलायला हवं, कारण १०० मीटरचा निम्मा इतिहास तिथे आहे. अँटवर्पच्या काळात ब्लॉक, म्हणजे पाय टेकवून उसळी घ्यायचे आधार, नव्हते. धावपटू खुरपीसारखं हत्यार घेऊन रेषेमागे दोन खळगे खणायचे आणि त्यांत पाय रोवायचे. १९३६ ला बर्लिनमध्ये जेसी ओवेन्सही असेच खळगे खणून धावला. आंतरराष्ट्रीय संघटनेने ब्लॉकला परवानगी दिली १९३७ ला, आणि ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा दिसले १९४८ ला लंडनमध्ये.

सारसबागेजवळच्या सणस मैदानावर सकाळी गेलात तर हे ब्लॉक लावणं जवळून बघता येतं. पोरगा रेषेला पाठ न करता, टाचेला अंगठा लावत मागे येतो. दोन पावलं मोजतो, तिथे पुढचा पेडल. आणखी एक पाऊल, तिथे मागचा. मग ब्लॉकच्या कण्यावर उभा राहून टाचेने दाबतो, म्हणजे खालचे खिळे सिंथेटिक ट्रॅकमध्ये रुततात. एकदा हाताने हलवून बघतो. त्यानंतर गुडघा टेकवून, बोटं रेषेच्या अलीकडे ठेवून, मान खाली. 'सेट' म्हटल्यावर कंबर वर जाते आणि तिथे शरीर हलता कामा नये. २०१० पासून नियम असा की पिस्तुलाच्या आधी निघण्याची चूक एकदा केलीत की बाहेर. आधी पहिली चूक माफ असायची. या नियमाने २०११ ला दैगूच्या जागतिक स्पर्धेत खुद्द उसेन बोल्टला अंतिम शर्यतीतून बाहेर काढलं.

सणसवर दिसणाऱ्या पोरांपैकी बऱ्याच जणांना मात्र आशियाई स्पर्धेपेक्षा पोलीस भरती जवळची. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यांत पुरुषांसाठी १६०० मीटर, गोळाफेक आणि १०० मीटर. १०० मीटरला १५ गुण, आणि ते पैकीच्या पैकी हवे असतील तर साधारण साडेअकरा सेकंदांत पोहोचावं लागतं. महाराष्ट्रात १०० मीटरचा सराव करणारा सगळ्यात मोठा वर्ग हाच आहे, असं मला खात्रीने वाटतं. गावाकडे रस्त्यावर, शाळेच्या मैदानावर, फक्कीने आखलेल्या रेषांमध्ये ही पोरं धावतात. भरती झाली की बहुतेकांचं धावणं थांबतं. साडेअकरातून अकरात आणि तिथून साडेदहात जाण्याइतका जोर कुणाच्या पायात होता, हे कळायच्या आधीच.

आशियाई स्पर्धेत भारताचा या शर्यतीतला एकच सुवर्णक्षण आहे, तोही पहिल्याच स्पर्धेतला. मार्च १९५१, दिल्ली. मुंबईकर लेव्ही पिंटोने १०० मीटर १०.८ सेकंदांत आणि २०० मीटर २२.० सेकंदांत जिंकली. पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो दोन्ही शर्यतींच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. त्यानंतर १९५८ ला टोकियोत मिल्खा सिंगने २०० आणि ४०० मीटर जिंकली, १९६२ ला जाकार्तात पुन्हा ४००. पण पुरुषांच्या १०० मीटरचं सुवर्ण पिंटोनंतर हांगझोऊपर्यंत एकाही भारतीयाला मिळालेलं नाही. १९८२ ला स्पर्धा पुन्हा दिल्लीत आली, तेव्हा मलेशियाचा रबुआन पिट जिंकला. नंतर १९८६, १९९० आणि १९९४ अशी सलग तीन सुवर्णपदकं कतारच्या तलाल मन्सूरने नेली.

पिंटोची वेळ आजच्या वेळेशेजारी ठेवताना एवढं लक्षात ठेवावं की ती हातातल्या घड्याळाची होती. पंचाला पिस्तुलाचा धूर दिसतो आणि मग अंगठा दाबला जातो, त्यात काही क्षण निसटतो. म्हणून हातघड्याळाची वेळ विद्युत घड्याळाशी जुळवताना १०० मीटरला ०.२४ सेकंद वाढवतात. वाऱ्याचंही तसंच. पाठीमागून सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त वेगाने वारा असेल तर विक्रम धरत नाहीत.

आता बालेवाडीकडे. मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून असलेलं हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं. २००८ ला राष्ट्रकुल युवा स्पर्धांसाठी त्याचं मोठं नूतनीकरण झालं. बीजिंगमध्ये बोल्टने ९.६९ चा विक्रम करून जेमतेम दोन महिने झाले होते, त्या ऑक्टोबरात इथे ४०० मीटर धावला ग्रेनेडाचा किरानी जेम्स. वय १६. तो जिंकला, आणि चार वर्षांनी लंडनमध्ये ४३.९४ सेकंदांत ऑलिंपिक विजेता झाला. ग्रेनेडासारख्या एवढ्याशा बेटाचं ते पहिलं ऑलिंपिक पदक.

२०१३ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा खरं तर चेन्नईला व्हायची होती. श्रीलंकेचे खेळाडू येणार असतील तर आम्ही स्पर्धा भरवणार नाही, अशी भूमिका तामिळनाडू सरकारने घेतली आणि यजमानपद तिथून सुटलं. थोड्या अवधीत पुण्याने ते पेललं. १९७३ ला फिलिपाइन्समध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेची ही विसावी खेप होती, ३ ते ७ जुलै. आषाढी त्या वर्षी १९ जुलैला होती, म्हणजे ऐन वारीचे दिवस. शहराचं लक्ष दुसऱ्याच पावलांकडे असणार, यात नवल नाही.

पुरुषांच्या १०० मीटरमध्ये तेव्हा कतारचा सॅम्युअल फ्रान्सिस हे मोठं नाव होतं. नायजेरियात जन्मलेल्या फ्रान्सिसने २००७ ला अम्मानमध्ये ९.९९ ची वेळ नोंदवून १० सेकंदांच्या आत धावणारा पहिला आशियाई खेळाडू होण्याचा मान मिळवला होता. बालेवाडीत तो दुसरा आला. ओमानचा बरकत अल हार्थी तिसरा. पहिला सू, १०.१७ सेकंद. उंची जेमतेम १.७२ मीटर. बोल्ट १.९५. लांब टांगांच्या या खेळात सूचं सगळं भांडवल म्हणजे सुरुवात आणि पावलांची झपाझप. २०० मीटर जिंकणारा श्ये तर अजून विशीतही पोहोचला नव्हता. ४०० मीटर सौदी अरेबियाच्या युसूफ मसराहीने जिंकली, आणि ४ बाय १०० रिलेचं सुवर्ण हाँगकाँगने नेऊन सगळ्यांना चकित केलं. भारताची सुवर्णपदकं विकास गौडाच्या थाळीफेकीतून आणि महिलांच्या ४ बाय ४०० रिलेतून आली.

पुण्याहून गेल्यावर सूचं सगळं सरळ झालं नाही, आणि मला त्याच्या कहाणीतला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. पुढच्याच महिन्यात मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत, उपांत्य फेरीत, त्याची सुरुवात चुकली आणि तो बाद झाला. ज्या गोष्टीवर त्याची सगळी मदार, तिथेच. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत तो कतारच्या फेमी ओगुनोदेच्या मागे दुसरा आला. यानंतर त्याने ब्लॉकमधला पुढचा आणि मागचा पाय बदलला. ऐकायला हे लहान वाटतं. पण वर्षानुवर्षं ज्या पायाने उसळी घेतली तो पाय मागे नेणं म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हातात पेन धरण्यासारखं आहे. २५ वर्षांचा, आशियाई ॲथलेटिक्सचं विजेतेपद दोनदा मिळवलेला खेळाडू पुन्हा पाटीवर गिरवायला बसला. मे २०१५ मध्ये अमेरिकेत यूजीनला तो ९.९९ धावला. आशियात जन्मलेला धावपटू १० सेकंदांच्या आत येण्याची ती पहिली वेळ. जपानचा कोजी इतो १९९८ ला १०.०० वर येऊन थांबला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत सूने ९.८३ ची वेळ नोंदवली. १९३२ ला जपानचा ताकायोशी योशिओका ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावला होता, त्यानंतर आशियात जन्मलेला धावपटू तिथे दिसायला ८९ वर्षं लागली. तेव्हा सू ३२ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता.

भारताच्या १०० मीटरच्या राष्ट्रीय विक्रमांचे आकडे याच्या शेजारी ठेवून बघावेत. २००५ ला अनिल कुमारने १०.३० केले. २०१६ ला अमिय मलिकने १०.२६. अकरा वर्षांत चार शतांश सेकंद. मग गाडी जरा वेगात आली. २०२२ ला अमलान बोरगोहाईन १०.२५, २०२३ ला मणिकांत होबळीधर १०.२३, मार्च २०२५ मध्ये गुरिंदरवीर सिंग १०.२०, आणि जुलैत ग्रीसमध्ये अनिमेष कुजूर १०.१८. त्याआधी मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या गुमीच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत कुजूरने २०० मीटरमध्ये २०.३२ सेकंदांसह कांस्यपदक घेतलं.

कुजूर छत्तीसगडचा, आणि तयार झाला भुवनेश्वरला. तिथल्या कलिंग स्टेडियमवर २०१७ ला हीच आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली, पुण्यानंतर चार वर्षांनी. ओडिशाने ती संपल्यावर दिवे मालवले नाहीत. धावपटूंसाठी कायमचं केंद्र, परदेशी प्रशिक्षक, वर्षभराची राहण्याखाण्याची सोय, असं सगळं तिथे जमवलं. पुण्यात मुंढव्याजवळ आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या स्टेडियमला नीरज चोप्राचं नाव आहे, आणि लष्कराच्या खेळाडूंसाठी ते काम मोठंच आहे. पण बालेवाडीचा तो ट्रॅक २०१३ नंतर काही वर्षं देशाला माहीत होता तो आयएसएलच्या फुटबॉल सामन्यांमुळे. जिल्ह्यातल्या, साडेअकरा सेकंदांत धावणाऱ्या पोराला भरतीपलीकडे बोट धरून नेणारी वेगवान शर्यतीची कायमची शाळा तिथे उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोराबजींनी जे अनवाणी पायांत ओळखलं, ते ओळखायला आता तर विद्युत घड्याळ आहे.

हांगझोऊत श्येच्या मागे रौप्यपदक घेतलं ते थायलंडच्या पुरिपोल बूनसॉनने, १०.०२ सेकंदांत, वयाच्या १७ व्या वर्षी. आणि कुजूरची १०.१८ ही वेळ, सू बालेवाडीत जी वेळ नोंदवून जिंकला होता, तिच्या मागे एक शतांश सेकंद आहे.