घरपट्टीचं मत : ब्रिटिश काळातल्या मुंबईत आरोग्याचा कारभार आणि लोकांचे प्रतिनिधी

ब्रिटिश काळात मुंबईचं पाणी, गटारं, कचरा, देवीची लस, स्मशानं, साथीचे रोग हे सगळं ज्या म्युन्सिपाल्टीकडे होतं, तिच्यात निवडून आलेली माणसं बसायला लागली १८७३ पासून. त्याआधी सगळे सरकारने नेमलेले. मात्र 'निवडून आलेली' म्हटलं की आज आपल्या डोळ्यासमोर शाळेतलं बूथ आणि बोटाची शाई येते, तसलं काही नव्हतं. मत माणसाला नव्हतं, कराच्या पावतीला होतं, आणि मुंबईत आरोग्याचे जे काही वाद झाले त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा हीच गोष्ट सापडते.

निवडणुका नव्हत्या तेव्हा कारभार जस्टिस ऑफ द पीस म्हणजे जेपी (सरकारने नेमलेले शहरातले प्रतिष्ठित मानद न्यायाधीश) लोकांकडे होता. १८३० च्या दशकापासून त्यात हिंदी माणसंही घ्यायला लागले, त्यातलेच एक नाना शंकरशेट. सोनापूरची स्मशानभूमी आरोग्याच्या कारणाने बंद करून लांब शिवडीला न्यायचं सरकारच्या मनात होतं, तेव्हा नाना आडवे आले आणि स्मशान जागेवरच राहिलं (आजचं मरीन लाइन्सचं चंदनवाडी तेच). नानांना कोणी मत दिलेलं नव्हतं, पण गिरगावातल्या माणसाला मयत खांद्यावर घेऊन शिवडीपर्यंत चालत जावं लागलं नाही ते त्यांच्यामुळे. मतदान नसताना प्रतिनिधित्व असू शकतं, फक्त ते त्या एका माणसाच्या वजनावर आणि मर्जीवर चालतं.

१८६५ च्या कायद्याने म्युन्सिपाल्टीला एकच कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड, ज्याच्या नावाने क्रॉफर्ड मार्केट. त्याच्याबरोबर हेल्थ ऑफिसर डॉ. हेवलेट. दोघांनी शहर साफ करायचं मनावर घेतलं आणि पैसा इतका सोडला की १८७१ पर्यंत म्युन्सिपाल्टी कर्जात बुडाली नि करदाते खवळले. गंमत म्हणजे तरुण बॅरिस्टर फिरोजशाह मेहता त्या गदारोळातल्या एका सभेत क्रॉफर्डच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं की काम करणाऱ्या कमिशनरला का धोपटता, दोष लक्ष न ठेवणाऱ्या जस्टिस लोकांचा आहे, त्यांच्या जागी करदात्यांनी निवडलेली माणसं आणा. त्या दिवशी सभेला ते फारसं रुचलं नाही, पण पुढचा कायदा साधारण त्याच वाटेने गेला.

१८७२ चा कायदा म्हणजे ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन. त्यातले ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जेपींनी आपल्यातून पाठवायचे आणि १६ सरकारने नेमायचे. जेपी मुळात सरकारनेच केलेले, म्हणजे निम्मं घर सरकारी कृपेचंच. आणि करदाता कोण तर वर्षाला निदान ५० रुपये म्युनिसिपल कर भरणारा. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली होती, त्यातल्या अगदी मूठभर लोकांना मत. १८८८ च्या कायद्याने सभासद ७२ केले, त्यात वॉर्डातून निवडलेले ३६, शिवाय युनिव्हर्सिटीच्या फेलोंचे २ आणि चेंबर ऑफ कॉमर्सचे २, जेपींचे १६ आणि सरकारचे १६ तसेच ठेवले. कराची अट ३० रुपयांवर आली. गिरणीतला साधा कामगार त्या काळात महिन्याला १०-१५ रुपये मिळवायचा, त्यामुळे अट ५० ची असो की ३० ची, त्याला दोन्ही सारख्याच. घरपट्टी भरायचा चाळीचा मालक, भाडेकरू भाड्यातून ती फेडायचा, मत मात्र मालकाचं!

आता याचा आरोग्याशी काय संबंध, तर सगळाच संबंध. हेल्थ ऑफिसर वर्षानुवर्षं सांगत होते की चाळीत उजेड नाही, वारा नाही, दोन इमारतींमधल्या घरगल्लीत मैला साचतो. ते सुधारायचं तर मालकाला खर्च, आणि वॉर्डातून निवडून येणारे बरेचसे मालकच किंवा मालकांच्या मतांवर आलेले. खोल्या वाढवायला बंदी घालणारा नियम कोणता मालक उत्साहाने पास करील? सरसकट सगळे वाईट होते असं नाही, विश्वनाथ नारायण मंडलिक, डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर अशी वजनदार माणसं सभागृहात होती, आणि वाढीव खर्चाला नाही म्हणणारा प्रत्येक जण स्वार्थीच होता असंही नाही, कारण कॉर्पोरेशनच्या हातात खरी दोरी होती ती फक्त बजेटची. रोजचा कारभार कमिशनरचा आणि कमिशनर सरकारचा. हेल्थ ऑफिसरची नेमणूक कॉर्पोरेशन करायचं, पण तिलासुद्धा सरकारची मंजुरी लागायची. ज्याला फक्त पैसे अडवता येतात तो पैसेच अडवणार.

करांमध्ये एक हलालखोर कर होता. संडास साफ करणाऱ्या, मैला वाहणाऱ्या कामगारांना हलालखोर म्हणायचे आणि त्या कामासाठी घरटी जो कर घ्यायचे त्याला त्यांचंच नाव. म्हणजे कर त्यांच्या नावाचा आणि तो भरून मत मिळायचं दुसऱ्याला. आज मुंबईच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर मलनिःसारण कर असं सभ्य नाव येतं.

मग १८९६ ला प्लेग आला आणि या रचनेचा कस लागला. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि हा प्लेग आहे असं उघड सांगितलं. ते डॉक्टर तर होतेच पण कॉर्पोरेशनच्या स्टँडिंग कमिटीचे मेंबरही होते, म्हणून त्यांचं म्हणणं दवाखान्यात न राहता सभागृहात पोचलं. (मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आपण सगळे सिग्नल सुटायची वाट बघत तिथे उभे राहतो आणि हा कोण हे विचारत नाही.) ऑक्टोबरमध्ये कमिशनर स्नो यांनी म्युनिसिपल कायद्याखाली नोटीस काढली की प्लेगचा संशय असलेल्या माणसाला जबरदस्तीने हॉस्पिटलात हलवता येईल. हॉस्पिटल म्हणजे मरायला नेतात अशी लोकांची खात्रीच होती, जातीपातीचा नि बायकांच्या अब्रूचा प्रश्न वेगळाच, आणि २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला. लगेच जबरदस्ती सैल करावी लागली.

नोटीस सैल करण्यामागे स्नोंची एक मोठी भीती होती की हलालखोर आणि झाडूवाले घाबरून शहर सोडून गेले तर मुंबई चार दिवसांत सडेल. त्यांची मनधरणी करावी लागली. ज्यांना मत नव्हतं, ज्यांचा सभागृहात एकही माणूस नव्हता, त्यांच्या नुसत्या निघून जाण्याच्या शक्यतेने जे वळलं ते सभासदांच्या भाषणांनी वळलं असतं असं मला तरी वाटत नाही.

१८९७ च्या फेब्रुवारीत एपिडेमिक डिसीजेस ॲक्ट आला, हाच तो कायदा जो २०२० ला कोरोनात परत बाहेर काढला. मार्चमध्ये सरकारने प्लेगचं काम कॉर्पोरेशनच्या डोक्यावरून उचलून चार जणांच्या प्लेग कमिटीकडे दिलं. अध्यक्ष ब्रिगेडियर जनरल गॅटेकर, बाकी स्नो, एक लष्करी डॉक्टर आणि एक इंजिनियर. निवडलेला एकही नाही. घरझडत्या, स्टेशनांवर तपासणी, रोग्याला उचलणं, सगळं यांच्या हुकमाने. पैसे मात्र म्युन्सिपाल्टीच्या तिजोरीतूनही जात होते! त्यातून एक वेगळंच प्रतिनिधित्व उभं राहिलं, जातीजमातीचं. आपापल्या लोकांसाठी वेगळी प्लेग हॉस्पिटलं काढायला परवानगी मिळाली तेव्हा लोक तिथे जायला लागले, खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः हाफकिनची प्लेगची लस टोचून घेतली तेव्हा खोजा जमात पुढे आली. सरकारी कमिटीला जमलं नाही ते जमातीच्या पुढाऱ्यांना जमलं.

गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे याच साथीत ९ फेब्रुवारी १८९७ ला गेले. ते जेपी होते, म्हणजे कामगारांचा आवाज वरपर्यंत न्यायचा रस्ता होता तोही सरकारने दिलेल्या पदवीतूनच जात होता. आणि आवाज नसला की काय होतं ते ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात दिसलं. विणकर जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला प्लेगची माणसं आली, लोकांनी अडवलं, दंगल पेटली, गोळीबार झाला. त्यानंतर सरकारचा सूर बराच नरमला आणि काम परत म्युनिसिपल कमिशनरकडे आलं.

पण धडा सरकारने उलटाच घेतला असं म्हणावं लागेल. गलिच्छ वस्त्या पाडून शहर मोकळं करायला १८९८ ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला त्यात १४ ट्रस्टी, कॉर्पोरेशनचे फक्त ४. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंगा ही त्यांची कामं, रस्ते झकास झाले, ज्यांच्या खोल्या पाडल्या ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहायला लागले. १९३३ ला ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला. मधे १९०७ ला जेपींच्या निवडणुकीत इंग्रज अधिकाऱ्यांनी गट करून फिरोजशाहांना पाडायचा घाट घातला, १६ जागा आणि मेहता १७ वे आले. नंतर एका निवडून आलेल्याची जागा रद्द झाल्यावर ते परत आत आले ते सोडा, पण मोजक्या मतदारांची निवडणूक फिरवायला किती कमी माणसं लागतात ते यातून कळतं.

खरा बदल १९२२ चा. महिना १० रुपये भाडं देणाऱ्यालाही मत मिळालं, म्हणजे पहिल्यांदाच भाडेकरू मतदार झाला, आणि सभासद १०६ झाले, त्यात ७६ वॉर्डांतून. १९२३ ला सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले कॉर्पोरेशनमध्ये गेल्या. अवंतिकाबाईंनी नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं, त्यामुळे बाळंतपण हा विषय त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १९२६ ला परळला केईएम सुरू झालं, कॉर्पोरेशनचं स्वतःचं हॉस्पिटल आणि कॉलेज, डॉक्टर सगळे हिंदी. तरीही १० रुपयांच्या खालची खोली घेऊन राहणारे, एका खोलीत दहा-बारा जण मिळून राहणारे गिरणगावातले पुरुष आणि खुद्द हलालखोर बाहेरच राहिले. सगळ्या प्रौढांना मत असलेली पहिली म्युनिसिपल निवडणूक झाली १९४८ ला. कायदा मात्र अजून १८८८ चाच चालू आहे, दुरुस्त्या करकरून, आणि कमिशनर आजही राज्य सरकारच नेमतं.