मुंबई–न्यूयॉर्क विमान वळसा घालतं?

मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान आधी उत्तरेकडे वळतं, म्हणजे उगाच वळसा घालतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चूक आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग खूपच ताणलेला असतो. अशा सपाट, म्हणजे मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ अरबस्तान, सहारा, अटलांटिक अशी जाते आणि भरते १४,००० किलोमीटरच्याही वर! पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलँडचं टोक असा जाईल. हे अंतर साधारण १२,५०० किलोमीटर.

खरा वळसा पडतो तो हवाई हद्द बंद असल्यावर. २०२२ पासून अमेरिकन विमान कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही.